दगडात धातू किती, आणि कसा?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा, भिंतीतून गेलेली तांब्याची तार, भिंतीवरच्या घड्याळातला सेल या सगळ्यांचे मूळ कुठल्या ना कुठल्या दगडात आहे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. खाणीतून दगड निघतो, कारखान्यात जातो आणि धातू होऊन बाहेर पडतो, इतके आपल्याला ठाऊक असते. पण या वाटेवर एक लहानसे ठाणे आहे, त्याची माहिती फारशी कोणाला नसते. तिथे दगडाचा एक तुकडा कापून, घासून आरशासारखा गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यात कोणकोणती खनिजे आहेत, ती एकमेकांना कशी बिलगून बसली आहेत, हे पाहतात. नोकरीची बहुतेक वर्षे मी याच ठाण्यावर काढली. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

आधी एक शब्द. ज्या खनिजापासून धातू काढणे परवडते, त्याला आम्ही धातुक म्हणतो. यातला ‘परवडते’ हा शब्द महत्त्वाचा. अंगणातल्या मातीतही लोखंड आणि ॲल्युमिनियम असते, पण म्हणून कोणी तिथे भट्टी लावत नाही. परवडते की नाही, हे ठरवायला लोक सर्वप्रथम एकच प्रश्न विचारतात : “साहेब, यात धातू किती टक्के?” प्रश्न बरोबर आहे आणि रसायनशाळा त्याचे चोख उत्तर देते. पण तेवढ्याने भागत नाही. दुसरा प्रश्न विचारावा लागतो : “आहे तो कसा आहे?”

घरातले उदाहरण घ्या. तांदळात खडे असले तर ते सुपात पाखडून, हाताने निवडून काढता येतात. कणकेत मीठ मिसळले असेल तर ते मात्र कितीही निवडले तरी निघत नाही. वजन केले तर खडेही शंभर ग्रॅम भरतील आणि मीठही शंभर ग्रॅमच भरेल. आकडा एकच, पण एक गृहिणीच्या हातात आहे आणि दुसरे हाताबाहेर गेलेले. धातुकाचे अगदी असेच असते.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण देतो. नागपूर आणि भंडारा हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेले मध्य प्रदेशातले बालाघाट आणि छिंदवाडा या पट्ट्यात शंभराहून अधिक वर्षे मॅंगनीजच्या खाणी चालू आहेत. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे तुम्ही ऐकली असतील. इथल्या मॅंगनीजच्या खनिजांपैकी दोन नावे लक्षात ठेवा, ब्राउनाइट आणि पायरोल्युसाइट. दोन्ही काळी, दोन्ही जड. शुद्ध ब्राउनाइटमध्ये मॅंगनीज सुमारे ६३.६ टक्के असते, आणि शुद्ध पायरोल्युसाइटमध्ये सुमारे ६३.२ टक्के. म्हणजे मॅंगनीजच्या आकड्यावरून त्यांच्यात निवड करायला जागाच नाही. पण पायरोल्युसाइट म्हणजे मॅंगनीज डायऑक्साइड. याच डायऑक्साइडच्या धातुकाला कोरड्या विद्युत घटांसाठी, म्हणजे आपल्या टॉर्चच्या सेलसाठी मागणी असते. ब्राउनाइट त्या कामाचे नाही. शिवाय ब्राउनाइटच्या स्फटिकाच्या घडणीतच सुमारे दहा टक्के सिलिका बसलेली असते. सिलिका म्हणजे वाळूतलाच पदार्थ. पण ही सिलिका वाळूच्या कणासारखी बाजूला बसलेली नसते, ती स्फटिकात अणूंच्या पातळीवर गुंफलेली असते. म्हणजेच, कणकेतले मीठ.

आता हे दोन काळे दगड ओळखायचे कसे? डोळ्यांना आणि हातांना काही अंदाज येतो, पण दोन्ही खनिजे बारीक कणांत मिसळलेली असली की अंदाज संपतो. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तोही वेगळ्या तऱ्हेचा.

भूशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षी जो सूक्ष्मदर्शक वापरतो, त्यात प्रकाश खालून येतो. दगडाची चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीची करतात. इतक्या पातळ चकतीतून बहुतेक खनिजे काचेसारखी पारदर्शक दिसतात आणि सुंदर रंग दाखवतात. पण धातुकांची खनिजे बहुधा अपारदर्शक असतात. इतकी पातळ केली तरी ती काळी ती काळीच. खालून प्रकाश टाकून त्यांच्याबद्दल काही कळत नाही, जणू बंद दार. मग प्रकाश वरून टाकायचा, गुळगुळीत पृष्ठावरून परत येणारा प्रकाश डोळ्यांत घ्यायचा आणि त्यावरून खनिज ओळखायचे, ही युक्ती निघाली. याचा पाया धातूंच्या अभ्यासात आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड या पोलादाच्या गावी हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या हौशी संशोधकाने १८६३-६४ च्या सुमारास पोलादाचे तुकडे घासून, आम्लाने हलके खरवडून परावर्तित प्रकाशात पाहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच रीत धातुकांसाठी वापरली जाऊ लागली. अमेरिकेत जोसेफ मर्डॉक यांचे अपारदर्शक खनिजे ओळखण्याचे पुस्तक १९१६ साली आले. जर्मनीत पाउल रामडोर यांनी या विषयाला आयुष्य वाहिले. धातुकांची खनिजे आणि त्यांची एकमेकांतली गुंतागुंत यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५० साली निघाला. आमच्या प्रयोगशाळेत त्याची इंग्रजी आवृत्ती होती आणि तिची पाने हाताळून मऊ पडली होती.

पाहण्याआधी नमुना तयार करावा लागतो आणि अर्धे यश तिथेच असते. दगडाचा तुकडा हिऱ्याची धार बसवलेल्या करवतीने कापतात. तो नाण्याएवढ्या गोल साच्यात ठेवून वरून राळेसारखे रसायन ओततात. हे रसायन म्हणजे घरी तुटक्या वस्तू चिकटवायला आपण जे दोन नळ्यांतले मिश्रण वापरतो, त्याच जातीचे. ते घट्ट झाले की दगड पक्का बसतो. मग कार्बोरंडमच्या भुकटीवर घासणे सुरू होते. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी फिरत्या चकतीवर ताणलेल्या कापडावर हिऱ्याची लुकणी लावतात. तिच्यातले कण आधी सहा मायक्रॉनचे, मग तीनचे, मग एकाचे. माणसाच्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून कल्पना करा.

आमच्याकडे नमुने घासणारे एक जुने कारागीर होते. एक टप्पा संपला की ते नमुना धुवायचे, आपले हात धुवायचे, नखेसुद्धा ब्रशने साफ करायचे आणि मगच पुढच्या चकतीला हात लावायचे. नवे लोक हसायचे. पण जाड भुकटीचा एक कण जरी बारीक चकतीवर गेला, तरी आरशासारख्या पृष्ठावर ओरखडा उठतो आणि दिवसाचे काम वाया जाते. घाई केली तर आणखी एक घात होतो. मऊ खनिज जास्त झिजते, कठीण खनिज उंच राहते, ठिसूळ खनिजाचे टवके उडतात. मग सूक्ष्मदर्शकात जे दिसते ते दगडाचे रूप नसते, तो आपल्याच घाईचा ठसा असतो.

आता नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पहिल्यांदा काय पाहायचे? तेज. कोणते खनिज आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी किती परत पाठवते, ते. शंभर भाग प्रकाश पडला तर पायराइट निम्म्याहून थोडा अधिक परत पाठवते, शिशाचे धातुक गॅलेना सुमारे ४३ भाग, लोखंडाचे हेमटाइट तिसाच्या आतबाहेर, मॅग्नेटाइट सुमारे २०, जस्ताचे स्फॅलेराइट सुमारे १७, आणि आपला साधा गारगोटीचा दगड, म्हणजे क्वार्ट्झ, जेमतेम पाच. त्यामुळे दृश्य मोठे गमतीचे असते. उजेडात पारदर्शक, स्वच्छ दिसणारी गारगोटी इथे काळपट करडी दिसते, आणि उन्हात काळे ढेकूळ वाटणारे धातुक इथे पांढरेशुभ्र चमकते.

दुसरी गोष्ट रंग. इथे नवशिक्याला सर्वांत जास्त जपावे लागते. या सूक्ष्मदर्शकात रंग भडक नसतात. पांढऱ्याच्या आणि करड्याच्याच छटा असतात. कुठे किंचित पिवळसर, कुठे गुलाबी झाक, कुठे निळसर. आणि रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो. जुने धोतर एकटे पाहिले तर पांढरेच वाटते. शेजारी नवे कोरे धोतर ठेवले की त्याचा पिवळेपणा दिसतो. तसेच गॅलेना स्फॅलेराइटच्या शेजारी असले की शुभ्र दिसते आणि तेच चांदीच्या कणाशेजारी असले की करडे पडते. तांब्याचे चाल्कोपायराइट करड्या खनिजांमध्ये झगझगीत पिवळे दिसते, पण शेजारी खऱ्या सोन्याचा कण निघाला की तेच हिरवट आणि मळके वाटू लागते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे, की एकट्या कणाचा रंग वहीत लिहू नका. कोणाच्या शेजारी कसा दिसला, तेही लिहा.

तिसरी गोष्ट कठीणपणा. घासताना कठीण खनिज किंचित उंच राहते, हे मघाशी सांगितले. दोन खनिजांच्या सीमेवर त्यामुळे अगदी बारीक उतार तयार होतो आणि त्यावरून एक प्रकाशाची रेघ दिसते. सूक्ष्मदर्शकाची नळी आणि नमुना यांतले अंतर हळूच वाढवले, की ही रेघ सरकते आणि ती नेहमी मऊ खनिजाच्या बाजूला जाते. कुठलेही महागडे यंत्र न लावता दोघांत कठीण कोण, मऊ कोण हे अशा रीतीने कळते. गॅलेना तर आणखी सोपे. ते तीन दिशांनी चौकोनी फुटते, त्यामुळे घासताना त्यावर बारीक त्रिकोणी खड्डे पडतात. ते त्रिकोण एकदा पाहिले की विसरायला होत नाही.

चौथी गोष्ट ध्रुवित प्रकाशाची. साधा प्रकाश सर्व दिशांनी कंप पावतो. एका गाळणीतून त्याला एकाच दिशेत कंप पावायला लावतात. परतीच्या वाटेवर दुसरी गाळणी पहिलीशी काटकोनात आडवी धरतात. ज्या खनिजाची घडण सर्व दिशांना सारखी आहे, जसे मॅग्नेटाइट किंवा गॅलेना, ते या दोन गाळण्यांमध्ये काळोखात राहते. तबकडी कितीही फिरवा, फरक नाही. ज्याची घडण निरनिराळ्या दिशांना निरनिराळी, ते तबकडी फिरवली की उजळते, पुन्हा मावळते. तांब्याचे कोव्हेलाइट नावाचे खनिज आहे. ते एका गाळणीत तबकडी फिरवताना गडद निळ्यापासून निळसर पांढऱ्यापर्यंत रंग बदलते, आणि दुसरी गाळणी आडवी धरली की निखाऱ्यासारखे नारिंगी पेटते. पहिल्यांदा पाहणारा माणूस डोळा भिंगावरून काढायला तयार नसतो.

याखेरीज काही खनिजे पूर्ण अपारदर्शक नसतात. त्यांच्या कडांतून, भेगांतून आतला रंग झिरपतो. स्फॅलेराइटमध्ये तो मधासारखा पिवळा किंवा तपकिरी असतो, हेमटाइटमध्ये गडद लाल. जुन्या काळी आम्लाचा थेंब टाकूनही पाहत. नायट्रिक आम्लाने गॅलेना काळवंडते, पायराइट सहसा दाद देत नाही. अशा खुणांची कोष्टके त्या वेळच्या पुस्तकांत पानेच्या पाने भरून असत.

लक्षात घ्या, यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. तेज सारखे असलेली खनिजे अनेक, मऊ असलेली अनेक, लालसर झाक असलेली अनेक. चार-पाच खुणा एकत्र जुळल्या की मगच नाव उच्चारायचे. आता मघाचे दोन काळे दगड पाहा. पायरोल्युसाइट पिवळसर पांढरे, चांगले तेजस्वी, बऱ्याचदा मऊ, आणि दोन गाळण्यांमध्ये तबकडी फिरवली की ठळकपणे उजळणारे. ब्राउनाइट करडे, किंचित तपकिरी झाक असलेले, तेजाला कमी, कठीण, आणि तबकडी फिरवली तरी फार थोडे बदलणारे. हातात घेतल्यावर जुळी भावंडे वाटणारी ही जोडी भिंगाखाली अनोळखी माणसांइतकी वेगळी दिसते.

या पद्धतीने एका खनिजाचे नावच कसे पुसले, त्याची हकीकत आपल्याच भागातली आहे. लुईस ली फर्मर हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले मोठे शास्त्रज्ञ. भारतातल्या मॅंगनीजच्या साठ्यांवर त्यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. मॅंगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या इथल्या खडकाला गोंड समाजाच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव त्यांनीच दिले आणि ते आज जगभर चालते. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरी इथे त्यांना एक काळसर, लोहचुंबकाला जोरात चिकटणारे खनिज मिळाले. आपले सहकारी व्रेडेनबर्ग यांच्या नावावरून त्यांनी त्याला ‘व्रेडेनबर्गाइट’ म्हटले. रासायनिक पृथक्करण नीट होते, गुणधर्म नीट नोंदलेले होते. पुढे परावर्तित प्रकाशाची पद्धत रुळली आणि हे खनिज घासून दोन गाळण्यांमध्ये पाहिले गेले. तेव्हा दिसले, की ते एक खनिज नाहीच. काळोखात राहणाऱ्या जेकबसाइटमध्ये, उजळणाऱ्या हौसमनाइटच्या बारीक पट्ट्या एकमेकींना छेदत बसल्या आहेत. रवाळ तूप आठवा. गरम असताना ते एकजीव असते आणि हळूहळू निवताना त्यात दाणे वेगळे होतात. तसेच हे दोघे जास्त तापमानाला एकाच स्फटिकात नांदत होते आणि खडक निवताना वेगळे झाले. आज व्रेडेनबर्गाइटला स्वतंत्र खनिजाचा दर्जा नाही. यात फर्मर यांचा उणेपणा काढण्याचे कारण नाही. पृथक्करण दोघांची बेरीज सांगत होते आणि बेरीज बरोबरच होती. ती कोणाकोणाची होती, ते पाहायला दुसरी रीत लागली.

आता कोणी म्हणेल, नावे ठरवून काय मिळते? त्यावर एक हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी छोटी खाण असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. खाण वडिलांपासूनची. त्यांच्या मालात सिलिका जास्त निघत होती आणि त्यामुळे भाव पडत होता. कोणीतरी सुचवले, की पाण्याच्या झोताने हलके आणि जड कण वेगळे करणारे यंत्र बसवा, सिलिका धुऊन निघेल. त्यासाठी कर्ज काढायचे, घरची जमीन तारण द्यायची, इथपर्यंत गोष्ट आली होती. खाणीत दोन बाजूंना काम चाले. दोन्ही बाजूंच्या मालाचे दाखले त्यांनी माझ्यासमोर ठेवले. मॅंगनीज जवळजवळ सारखे, सिलिका जवळजवळ सारखी.

आम्ही दोन्ही बाजूंचे नमुने घेतले. एकेक ढेकूळ उचलून चालत नाही. नाण्याएवढा तुकडा साऱ्या ढिगाच्या वतीने बोलणार असतो, म्हणून ढिगाच्या निरनिराळ्या ठिकाणांहून माल घेऊन, फोडून, मिसळून, त्यातून नमुना काढावा लागतो. मग नमुने घासले आणि पाहिले. पूर्वेकडच्या मालात काळपट करड्या गारगोटीचे आणि गार्नेटचे मोकळे, ठसठशीत कण धातुकाच्या मध्ये बसलेले होते. हे तांदळातले खडे. पश्चिमेकडच्या मालात गारगोटी जवळजवळ नव्हती. सगळीकडे ब्राउनाइटच ब्राउनाइट. दाखल्यातली सिलिका त्या ब्राउनाइटच्या पोटातली होती. ती कितीही पाण्याने धुतली तरी निघणार नव्हती. आणि खाणीतला पुढचा बहुतेक साठा होता पश्चिमेकडेच.

मी त्यांना नमुना दाखवला. त्यांनी बराच वेळ भिंगात पाहिले आणि विचारले, “म्हणजे यंत्र आलं असतं आणि सिलिका तिथल्या तिथंच राहिली असती?” मी हो म्हटले. त्यांनी कर्जाचा विचार सोडला. सिलिका असलेले मॅंगनीज धातुक सिलिको-मॅंगनीज हा मिश्रधातू करणाऱ्या भट्ट्यांना चालते, तिकडे त्यांनी गिऱ्हाईक शोधले. पूर्वेकडचा माल हाताने निवडून घेण्याचे काम वाढवले. ते श्रीमंत झाले असे नाही, पण जमीन राहिली. ब्राउनाइट हे नाव त्यांनी त्याआधी ऐकलेही नव्हते.

हीच गोष्ट मोठ्या खाणींत मोठ्या प्रमाणावर घडते. बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची तांब्याची खाण घ्या. तिथल्या दगडात तांबे साधारण एका टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे शंभर किलो दगडात सुमारे एक किलो. तो दगड दळून पीठ करतात आणि रसायनांच्या फेसावर तांब्याचे कण तरंगवून वेगळे करतात. दळायचे किती बारीक? चाल्कोपायराइटचे कण गारगोटीपासून सुटे होतील इतके. त्याहून जाड राहिले तर तांबे गारगोटीला चिकटलेले राहते आणि टाकाऊ गाळात जाते. फारच बारीक केले तर विजेचा खर्च वाढतो, आणि अतिसूक्ष्म कण फेसाला नीट चिकटतही नाहीत. दळणाची ही बारीकी ठरवताना कोणाला तरी भिंगातून कणांची मापे घ्यावीच लागतात.

काही ठिकाणी तर एका पातळ सालीने सगळा हिशेब बिघडतो. तांबे आणि जस्त एकत्र असलेल्या धातुकात, जस्ताच्या स्फॅलेराइटच्या कणावर कधी कधी कोव्हेलाइटची दोन-तीन मायक्रॉनची कड चढलेली असते. आतून जस्त आणि अंगावर तांब्याचा अंगरखा. फेसातले रसायन अंगरखाच ओळखते. मग जस्ताचे कण तांब्याबरोबर वर येतात आणि दोन्ही माल नासतात. दाखल्यात ती कड दिसत नाही, कारण तिचे वजन नगण्य असते. भिंगात तिचा निळा रंग लपत नाही.

आता यंत्रे खूप पुढे गेली आहेत. फ्रान्समध्ये रेमों कास्तें यांनी इलेक्ट्रॉनचा झोत टाकून एक-दोन मायक्रॉनच्या ठिपक्याचे रासायनिक पृथक्करण करण्याची रीत १९५१ सालच्या आपल्या प्रबंधात मांडली. आज संगणकाला जोडलेली यंत्रे एका रात्रीत हजारो कण मोजून, प्रत्येकाचे नाव लावून सकाळी तक्ता हातात देतात. मी त्या यंत्रांचा चाहता आहे. माणसाच्या डोळ्याला आठवडा लागेल असे काम ती करतात, आणि कंटाळत नाहीत. पण तीही मुख्यतः ‘कशाचे बनले’ हेच विचारतात. पायराइट आणि मार्कासाइट ही दोन खनिजे पाहा. दोन्हींत लोखंड आणि गंधक अगदी एकाच प्रमाणात. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. निव्वळ रसायनावर चालणारे यंत्र त्या दोघांना एकच नाव देते. ध्रुवित प्रकाशात तबकडी थोडी फिरवली, की मार्कासाइट उजळते आणि पायराइट सहसा गप्प राहते. काम एका क्षणाचे आहे, मात्र तो क्षण ओळखायला शिकलेला डोळा हवा. तसा डोळा तयार व्हायला शेकडो नमुने पाहावे लागतात, आणि शेजारी बसून “पुन्हा पाहा” म्हणणारा कोणीतरी लागतो. महाविद्यालयांमधले परावर्तित प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक वर्षातून दोन वेळा, परीक्षेपुरते बाहेर निघू नयेत, असे मला मनापासून वाटते.

शेवटी, घरी बसून करता येण्याजोगी एक गोष्ट सांगतो. विहीर खणताना किंवा शेतात एखादा चमकता पिवळा दगड सापडला, की लोक तो रुमालात बांधून आणतात. बहुतेक वेळा तो पायराइट असतो, कधी चाल्कोपायराइट, तर कधी नुसता झिजलेला अभ्रक. त्यावर पैसे खर्च करण्याआधी फरशीच्या एखाद्या पांढऱ्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या. दगडाचा कोपरा तिच्यावर जोरात घासा. सोन्याची रेघ पिवळीच उमटते. पायराइटची आणि चाल्कोपायराइटची हिरवट काळी. हेमटाइट कितीही काळे दिसले तरी रेघ लाल देते, आणि मॅग्नेटाइट काळी. अभ्रकाचे नखाने पापुद्रे निघतात. हिरवट काळी रेघ उमटली म्हणून दगड फेकूनही देऊ नका. चाल्कोपायराइट असेल तर ते तांब्याचे धातुक आहे. जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागात तो नेऊन दाखवा. तिथे ‘यात किती टक्के?’ हे जरूर विचारा. त्याचबरोबर ‘यात काय काय आहे, आणि कसे बसले आहे?’ हेही विचारा. या दुसऱ्या प्रश्नासाठी दगड घासावा लागेल, दोन दिवस थांबावे लागेल. तेवढे थांबा.